मंजुळाबाईंचा शुक्रवार

नाव : मंजुळाबाई ज्योतीराम शिनगारे. वर्ग : बाह्य सेवा-पुरवठादार, उपाहारगृह. प्रवेश : द्वार क्रमांक दोन, फक्त पायी. सोबत नेण्यास अनुमत वस्तू : एक डबा, एक पाण्याची बाटली, एक मोबाईल (कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून). ओळखचिन्ह : डाव्या मनगटावर भाजल्याची खूण. वक्तशीरपणाविषयी शेरा : सवयीने उशिरा येणारी व्यक्ती. सदर शेरा प्रणालीने स्वयंचलित पद्धतीने नोंदवला असून तो कोणत्याही स्तरावर रद्द अथवा शिथिल करता येणार नाही.

हे वर्णन कोणा माणसाने लिहिलेलं नाही. चाकणला गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या गेटवरच्या हजेरीच्या वेब ॲपने ते स्वतःच्या बुद्धीने तयार केलं. माणसाने शेरा मारायचा म्हटला की भीड आडवी येते, ओळख निघते, कोणाचा तरी मेहुणा भेटायला येतो. ॲपला मेहुणा नसतो. म्हणूनच कंपनीने ते हौसेने घेतलं आणि घेताना अट घातली, की एकदा पडलेला शेरा खुद्द चेअरमन साहेबांनाही पुसता येता कामा नये. ॲप बनवणाऱ्या मुलीने ही अट तंतोतंत पाळली. मुलीचं नाव वर्षाली ज्योतीराम शिनगारे. मधलं नाव आणि आडनाव वर येऊन गेलेलं आहे, हा योगायोग नव्हे. मंजुळाबाई तिची आई.

मंजुळाबाई केजकडच्या. लग्न होऊन भोसरीत आल्या तेव्हा ज्योतीराम एका वर्कशॉपात लेथवर होते आणि बिऱ्हाड एका खोलीचं होतं. चाळीच्या नळाला पहाटे पाणी यायचं आणि रांगेतला पहिला हंडा मंजुळाबाईंचा असायचा. पुढे रेशनला, गॅसच्या गाडीला, वर्षालीच्या शाळाप्रवेशाला, सगळीकडे पहिल्या त्याच. दुसऱ्या नंबरावर उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटे. इतिहासात काही घराणी पहिल्या मानाच्या विड्यासाठी पिढ्यानपिढ्या भांडली. शिनगाऱ्यांच्या सुनेने तो मान न भांडता, नुसता लवकर उठून मिळवला. आधी त्यांनी आसपासच्या भाड्याच्या खोल्यांतल्या एकट्या कामगारांची खानावळ चालवली. मग बायकांचा बचत गट उभा केला आणि त्या गटाला चाकणच्या या कंपनीच्या कँटीनचं कंत्राट मिळालं. कँटीनची किल्ली तेव्हापासून मंजुळाबाईंच्या कमरेला.

मुलगी इंजिनिअर झाली आणि काही वर्षं माणच्या आयटी पार्कमधल्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला होती. तिथे आपण बनवलेलं वेबचं पान जगात नेमकं कोण उघडतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. हे कळावं अशी तिची फार इच्छा होती. म्हणून ती निगडीला, प्राधिकरणात, हरिहर सरांकडे आली. सरांनी आपल्या बंगल्याच्या तळमजल्यावर छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी थाटली होती. तिथे गिऱ्हाईक नावानिशी माहीत असे, कारण ते अधूनमधून बेल वाजवून आत येऊन भांडून जाई.

चाकणचं काम सरांना मिळालं ते मंजुळाबाईंमुळे. कँटीनच्या कट्ट्याशी उभे राहून एच.आर.चे सलिल साहेब हजेरीच्या घोळाबद्दल कुरकुरत होते.

"सायेब, माजी पोरगी असलंच करती," मंजुळाबाई कपात चहा ओतत म्हणाल्या. "निगडीला. लई फास्ट उघडतंय तिचं."

तोवर ॲप जन्मालाही आलेलं नव्हतं. पण इतकी स्वच्छ हमी कोणत्याच कंत्राटात छापलेली नसते, आणि मंजुळाबाईंनी ती जाहीरपणे, साखर घालून दिली होती. ॲप सुरू झाल्यावर तर त्यांनी गेटवरच्या प्रत्येकाला, वॉचमनपासून भंगारवाल्यापर्यंत, हे आपल्या पोरीचं काम असल्याचं कळवलं. मोबाईलवर पान उघडायचं, हिरवं बटण दाबायचं, हिरवी खूण उमटली की वॉचमन आत सोडणार. खूण नाही तर प्रवेश नाही. पोरीने नियम कडक केलाय, याचंही मंजुळाबाईंना कौतुक होतं.

तर एका दुपारी सलिल साहेबांनी हरिहर सरांना घरून फोन केला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. ऐन आठवड्यात हा घरी कसा, असा प्रश्न सरांना पडला नाही. पडला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

सरांनी वर्षालीला गॅलरीत बोलावलं. तिथे झोपाळा होता. अवघड बोलणी झोपाळ्यावर करायची, असा त्या कार्यालयाचा अलिखित संकेत होता.

"बातमी चांगलीही आहे आणि नाहीही," सर म्हणाले. "आपल्या ॲपने चाकणला एकाला पकडलं."

"कोणाला?"

"दर शुक्रवारी उशीर. कँटीन उशिरा उघडतं, चहा उशिरा होतो, पहिल्या शिफ्टवाले बोंबा मारतात. सलिल म्हणतो, ॲप नसतं तर कळलंच नसतं. खूश आहे तो आपल्यावर."

"सर, कोणाला?"

झोपाळा थांबला. "तुझ्या आईंना."

सरांनीच पुढचं सांगून टाकलं. महिनाअखेर कँटीनचं कंत्राट नव्याने व्हायचं होतं. चहाचं मशीन बसवून देणारा एकजण कंपनीत चकरा मारत होता. बटण दाबलं की चहा, आणि मशीन कधी उशिरा येत नाही असं सलिल साहेबांचं म्हणणं. शेरा कायम राहिला तर गटाचं कंत्राट जाणार. साहेबांना वाईट वाटत होतं, पण शेरा पुसता येत नव्हता. तशी सोय ठेवायची नाही असं त्यांनीच सांगितलं होतं.

"सर, माझी आई उशिरा जात नाही."

"आणि आपलं ॲप खोटं बोलत नाही."

दोन्ही वाक्यं खरी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. अशा वेळी शहाणी माणसं चहा मागवतात. त्यांनी मागवला.

मग कार्यालयातल्या सगळ्यांनी आपापल्या मशीनवरच्या चाचणी-प्रतीत ते पान उघडून पाहिलं. पापणी लवायच्या आत उघडलं. "आपल्याकडे चालतंय," असं सगळे आळीपाळीने म्हणाले. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे वाक्य चारित्र्याच्या दाखल्यासारखं आहे : कुठेही जोडता येतं आणि त्याने काहीही सिद्ध होत नाही.

संध्याकाळी वर्षाली घरी पोचली तेव्हा दारात ज्योतीराम स्कूटर धूत होते. आत मंजुळाबाईंनी डबे घासून पालथे घातले होते, शेगडी चकचकीत केली होती, पायपुसणी वाळत टाकली होती, आणि आता त्या कॉटवर बसून मोबाईल हातात घेऊन एका झाडूच्या चित्रावर अंगठा दाबत होत्या.

"काय करायलीस मम्मी?"

"झाडून काढायलेय. ह्याच्यात बी कचरा साठतो, माय. बटन दाबलं की सगळं साफ." मोबाईलने कचरा गेल्याचं टिंग करून कळवलं. मंजुळाबाईंनी पदराने त्याची काचही पुसली.

वर्षाली हसली आणि शेजारी बसली. "मम्मी, शुक्रवारी उशीर होतो का तुला?"

"कोण म्हणलं?"

"ॲप."

"खोटं बोलायलंय ते!" मग आपण कोणाच्या मालाला नावं ठेवतोय हे ध्यानात येऊन त्यांनी घाईने सावरलं. "म्हंजी, खोटं न्हाई. त्याचं बी बरोबरच असंल."

"तू किती वाजता पोचतेस?"

"रोजच्याच टायमाला. भाजीच्या टेम्पोत. मग उभी ऱ्हाते जरा."

"कुठं?"

"गेटवर. तुजं पान उघडेस्तोर."

"जरा म्हणजे किती?"

मंजुळाबाई घड्याळावर वेळ मोजत नसत. "चहाला उकळी यावी, खाली बसावी, आन् पुन्यांदा यावी, एवढं."

वर्षाली कॉटवरून उठली. वेब ॲपच्या जगात माणूस चहाचं आधण ठेवायलाही थांबत नाही, दुसरीकडे निघून जातो. इथे एक बाई दोन उकळ्या उभी होती. "मग मला सांगायचं की! कामून नाही सांगितलंस?"

"काय सांगू? अख्ख्या गेटला सांगून ठिवलंय, हे माज्या पोरीनं केलंय. आता त्यांच्याम्होरं म्हणू का, पोरीचं पान उघडंना? मी आपली पदर नीट करते. चपलेचा पट्टा बगते. लोकान्ला वाटतं, बाईचंच कायतरी राहिलंय."

म्हणजे ॲपची अब्रू राखण्यासाठी मंजुळाबाई दर शुक्रवारी स्वतःची घालवत होत्या.

"मी म्हणलो होतो, सांग पोरीला," दारातून ज्योतीराम ओरडले. "पर ह्या घरात माजं पान तर कवाच उघडत न्हाई."

"तुमी स्कूटर धुवा," मंजुळाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षालीही टेम्पोत बसली. मागे कोथिंबिरीच्या जुड्या, पुढे ड्रायव्हर, मंजुळाबाई आणि मांडीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली इंजिनिअर. मोशी मागे पडली. रस्त्याकडेला कंटेनर ओळीने उभे होते, त्यांचे ड्रायव्हर अजून झोपेत होते. गेटवर खेडकडचा नवनाथ वॉचमन काठी टेकून बसला होता. फाटक बंद. आणखी कोणी नव्हतं.

"आज पोरीलाबी आणली व्हय मावशे?"

"हीच ती," मंजुळाबाई म्हणाल्या. "जिनं केलंय ती."

"मंग आज तरी बिगीनं उघडंल."

"रोज बिगीनंच उघडतंय. माजाच अंगठा नीट लागत न्हाई."

त्यांनी मोबाईल काढला, चिन्हावर बोट ठेवलं, आणि पान पांढरं झालं. नुसतं पांढरं. मधोमध एक गोल गरगरू लागला. मंजुळाबाईंनी पदर नीट केला. गोल गरगरत होता. त्यांनी चपलेचा पट्टा पाहिला, मग किल्ली चाचपली, मग आकाशाकडे पाहिलं, आणि हे सगळं इतक्या सराईतपणे, की नाटकात काम केलेल्या बाईने दाद द्यावी. वर्षाली त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. आपण बनवलेलं पान जगात कोण उघडतं, हे पाहायची तिची इच्छा या क्षणी पूर्ण होत होती.

इतक्यात गटातली पूनम शेअर रिक्षातून उतरली. येता येताच तिने मोबाईल काढला, अंगठा टेकवला, थोडंसं थांबली, टिंग झालं. हिरवी खूण. "मावशी, चला की!" म्हणत ती आत गेली आणि कँटीनच्या कुलपापाशी जाऊन उभी राहिली. किल्ली बाहेर होती.

मंजुळाबाईंच्या पांढऱ्या पानावर आता वरच्या बाजूला काही काळं दिसू लागलं. ते केस होते. मग कपाळ उतरलं. मग भुवया. कंपनीचे चेअरमन साहेब स्वागताला येत होते, वरून खाली, पट्टी पट्टीने. प्रत्येक कामगाराला आत शिरताना आपलं दर्शन घडावं, अशी साहेबांची इच्छा होती आणि ती ॲपमध्ये पहिल्याच पानावर पुरी केली होती. मिशीपर्यंत आल्यावर साहेब थांबले. हिरवं बटण त्यांच्या गळ्याखाली होतं.

"आले का सायेब?" नवनाथने बसल्या जागेवरून विचारलं.

"मिशीपर्यंत आल्यात," मंजुळाबाई सवयीने म्हणाल्या, आणि मग मुलीकडे पाहून जीभ चावली.

वर्षालीला हसूही आलं आणि रडूही. तिने बंद फाटकाच्या आत पाहिलं. एरवी या वेळी आत रात्रपाळी चालू असते, प्रेस धडधडत असते. आज आतून काहीच ऐकू येत नव्हतं. नवनाथच्या पायाशी कालचं वर्तमानपत्र तसंच घडी न मोडता पडलेलं होतं.

काल. काल गुरुवार होता.

या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. वीज पुरवून पुरवून वापरायच्या दिवसांत एकेका भागाला एकेक वार वाटून दिला होता. भोसरी-चाकणला गुरुवार आला आणि तो अंगवळणी पडला. वर्षालीचं सगळं लहानपण गुरुवारी सुट्टी असलेल्या बापाचं होतं. शाळेच्या बाकीच्या मुलांचे वडील रविवारी घरी असायचे, हिचे गुरुवारी, स्कूटर धूत.

आता ॲपही माणसासारखंच असतं. बराच वेळ कोणी हाक मारली नाही की सर्व्हरवर ते झोपी जातं. मग जो पहिला दार वाजवेल त्याच्यासाठी त्याला उठावं लागतं, डोळे चोळत आपला सगळा संसार पुन्हा मांडावा लागतो, हजेरीच्या कोठाराची किल्ली शोधावी लागते. दुसऱ्या माणसाला दार उघडंच मिळतं. पहिल्याने दाराशी उभं राहायचं. वर्षालीला हे माहीत नव्हतं असं नाही. तिने त्याची तजवीजही केली होती : सुट्टीनंतरच्या पहाटे, कोणी यायच्या आत, एक छोटा प्रोग्रॅम ॲपला हलवून जागं करत असे. न चुकता. दर सोमवारी.

माण आणि निगडीच्या मधल्या वर्षांत कधीतरी तिचा आठवडा रविवारी संपायला लागला होता. तो कधी बदलला हे तिलाही कळलं नव्हतं. सोमवारी कंपनीत तिन्ही पाळ्या जोरात असत. टक्क जाग्या ॲपला हा प्रोग्रॅम पुन्हा उठवून जाई. आणि शुक्रवारी त्याला उठवायला मंजुळाबाई असत.

अखेर चेअरमन साहेब टायपर्यंत उतरले, बटण दिसलं, खूण उमटली. "मावशी पहिली येती आन् शेवटी आत जाती," नवनाथ फाटक उघडत म्हणाला. त्याला वाटलं आपण थट्टा केली. वर्षालीने ते वाक्य जसंच्या तसं मनात टिपून घेतलं, कारण कार्यालयातल्या सगळ्यांनी मिळून जे शोधलं नव्हतं ते त्यात होतं.

दुपारी झोपाळ्यावर पुन्हा बैठक झाली.

"एका माणसासाठी एवढं सगळं?" हरिहर सरांनी विचारलं. ते वाईट नव्हते, फक्त त्यांच्यापुढे आकडे होते. "सरासरी बघ की. सरासरी उत्तम आहे."

"सरासरीत माझी आई बसत नाही सर. ती बाहेर उभी आहे."

सरांनी झोपाळ्याला पायाने हलकासा रेटा दिला. मग म्हणाले, "बरं. काय काय करायचंय?"

करायचं पुष्कळ होतं. जागं करण्याचा प्रोग्रॅम तिने सोमवारवरून काढला आणि वाराच्या भानगडीतूनच सोडवला : ॲप कोणत्याही कारणाने झोपलं, बंद पडून पुन्हा चालू झालं, की लगेच त्याला उठवायचं, माणसाची वाट पाहायची नाही. कार्यालयात या प्रोग्रॅमचं नाव काकडा पडलं. पहाटे काकडा घेऊन देवाला उठवतात, भक्त नंतर येतात. भक्ताने येऊन देवाला उठवायचं अशी रीत कुठल्याच देवळात नाही. मग उठल्यावर ॲप जे संसार मांडत बसायचं तेही तिने आधीच मांडून ठेवलं. पाहुणा दारात आल्यावर भाजी चिरायला घ्यायची, असा तो प्रकार होता. चिरणं, निवडणं, वाटणं सगळं आदल्या दिवशी. वेळेवर फक्त फोडणी.

उरले चेअरमन साहेब. त्यांचा फोटो तिने उघडून पाहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. वाढदिवसाला नाशिक हायवेच्या पुलाशी साहेबांचा जो फ्लेक्स लागला होता, त्याच्यासाठी तयार केलेली फाईल कोणीतरी जशीच्या तशी ॲपमध्ये घातली होती. पुलावरून ओळखता यावा एवढा साहेबांचा चेहरा मंजुळाबाईंच्या तळहाताएवढ्या मोबाईलमधून दर शुक्रवारी ओढला जात होता. बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये तो एकदा उतरून जपून राहिलेला होता. मंजुळाबाई दर गुरुवारी तोही झाडून काढत.

"त्यांना सांग ना, ते झाडूचं बटण दाबू नका म्हणून," शेजारच्या टेबलावरून सल्ला आला.

"नाही सांगणार," वर्षाली म्हणाली. "गुरुवारी ती घर झाडते. आपण घाण कमी करायची."

फोटो काढायला सलिल साहेब फोनवर तयार होईनात. "मॅडम, साहेबांना आवडतो तो. काढला तर माझी हजेरी लागणार नाही."

"काढत नाही सर. छोटा करते, आणि खाली ठेवते. आधी बटण, मग साहेब. माणूस आत गेला की साहेब निवांत येऊ देत."

"मागून?"

"यजमान दारात उभा राहत नाही सर. आत बसलेला असतो."

हा युक्तिवाद सलिल साहेबांना वर सांगता येण्यासारखा वाटला. मग वर्षालीने खरी गोष्ट सांगितली. शुक्रवारी ॲप उठायला वेळ घेतं. तो वेळ पहिल्या माणसाच्या माथी बसतो. म्हणजे शुक्रवारच्या उशिराचा शेरा एकाच माणसावर पडू शकतो, जो सगळ्यांच्या आधी पोचला आहे त्याच्यावर. दुसऱ्याने तो मिळवायचा म्हटला तरी मिळत नाही.

"मी स्वतः येतो शुक्रवारी," सलिल साहेब म्हणाले.

तो शुक्रवार आला. साहेब गेटवर खरोखरच आले, डोळे सुजलेले, अंगात जाकीट. नवनाथ त्यांना पाहून उभाच राहिला. वर्षाली बाजूला, हात पाठीमागे बांधून. टेम्पो आला. मंजुळाबाई उतरल्या, साहेबांना पाहून डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मोबाईल काढला, चिन्हावर बोट ठेवलं आणि नेहमीप्रमाणे चपलेच्या पट्ट्याकडे वाकल्या.

"मावशे," नवनाथ म्हणाला.

"थांब की रं. पट्टा निघालाय."

"अवं मावशे, हिरवं बटन आलंय."

मंजुळाबाई वाकलेल्याच राहिल्या. मग हळूच मान वळवून त्यांनी मोबाईलकडे पाहिलं. बटण होतं. त्याच्यावर पांढरं नव्हतं, गोल नव्हता, मिशी नव्हती. त्यांनी अंगठा टेकवला. टिंग. पदर, किल्ली, आकाश, सगळं तयार होतं आणि कशाचीच गरज पडली नव्हती. त्यांना क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"सायेब कुठं गेले?" त्यांनी काळजीने विचारलं.

"येत्यात मागनं," नवनाथ म्हणाला. "तुमी व्हा म्होरं."

मंजुळाबाई सरळ झाल्या. त्यांनी सलिल साहेबांकडे पाहिलं, नवनाथकडे पाहिलं, लांब उभ्या असलेल्या कंटेनरच्या झोपाळू ड्रायव्हरकडेही पाहिलं, कोणी सुटू नये म्हणून. "माज्या पोरीचं हाय," त्या म्हणाल्या. "म्हणलं होतं ना, लई फास्ट उघडतंय?"

मुलगी आईकडे पाहत उभी होती. तिला बक्षिसं मिळाली होती, माणच्या इमारतीत एकदा काचेचा चषकही. तो घरी टीव्हीवर ठेवलेला होता आणि मंजुळाबाई दर गुरुवारी तो पुसत. पण पान उघडल्यावर ज्या माणसाचा चेहरा उघडतो, तो तिने पहिल्यांदाच पाहिला. आणि हा चेहरा इतके शुक्रवार पहाटेच्या गारठ्यात आपल्यासाठी बंद राहिला होता, हेही.

पूनम आली तोवर कँटीनचं कुलूप निघालं होतं. पहिली शिफ्ट आत आली तेव्हा चहा किटलीत होता. चहाच्या मशीनवाल्याला सलिल साहेबांनी त्याच चहाचा एक कप पाजून वाटेला लावलं, आणि महिनाअखेर कंत्राट गटाच्या नावाने नव्याने झालं.

राहिला शेरा. घरी वर्षालीने विषय काढला. "मम्मी, तसं पुसता येत नाही. पण मी लिहिलंय ते. मला वाट माहीत आहे. सलिल सरही काही म्हणणार नाहीत."

मंजुळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "नको."

"अगं पण ते खोटं आहे."

"असू दे. आज तू माजं पुसशील. उद्या कोणाचं खरं पुसायचं म्हणून तुज्यावर दाब येईल, तवा काय सांगशील? आन् लोकं म्हणतील, पोरीनं आईचं पुसलं." त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "तुज्या ॲपवर कोणाचा हात फिरला न्हाई पायजे. माजा बी न्हाई."

"मग नावापुढे राहील ते कायमचं."

"ऱ्हाऊ दे की. मला कुठं वाचायला जायचंय ते."

सलिल साहेबांनी आपल्या परीने वाट काढली. शेऱ्याच्या खाली पुरवणी टिप्पणी जोडायची सोय होती, ती त्यांनी वापरली. हल्ली मंजुळाबाईंची माहिती उघडली की शेवटी हा मजकूर दिसतो, आणि तोही ताबडतोब दिसतो :

"प्रथम-प्रवेश-विलंब हा प्रणालीजन्य असल्याचे निदर्शनास आले असून त्याचे निराकरण करण्यात आलेले आहे. तथापि पूर्वनोंदित शेरा मागे घेण्याची तरतूद नसल्याने सदर कर्मचारी ही सवयीने उशिरा येणारी व्यक्ती असल्याची नोंद अभिलेखात अबाधित ठेवण्यात येत आहे."

मंजुळाबाई गेटवर सगळ्यांच्या आधी येतात.